पाणी गेलेला डेस्कटॉप सुरू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉपमध्ये पाणी गेलं आणि आता तो सुरू होत नाही, असं सांगणारे बहुतेक जण शेवटी एकच विचारतात: "मदरबोर्ड गेला का?" बऱ्याचदा तो गेलेला नसतो. डेस्कटॉप सुट्या भागांचा बनलेला असतो आणि पाणी सगळ्या भागांवर सारखं पडत नाही. मशीन कुठल्या टप्प्यावर अडतंय एवढं नीट पाहिलं, तर दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. प्रश्न साध्यापासून अवघडाकडे लावले आहेत. कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायला इथे सगळीकडे एसएमपीएस म्हटलं आहे.

१. पीसीमध्ये पाणी गेलं. सगळ्यात आधी काय करू?

वीज तोडा. शट डाउन करत बसू नका. कोरड्या हाताने स्विच बंद करून प्लग काढा. जमीन ओली असेल किंवा प्लगपाशीच पाणी असेल, तर तिथे हात न लावता घरच्या मेन स्विचबोर्डवरून त्या खोलीची लाइन बंद करा. पीसी यूपीएसवर असेल तर भिंतीतला प्लग काढून भागत नाही, कारण यूपीएस स्वतःच्या बॅटरीवर वीज देतच राहतो. तिथे यूपीएसच बंद करायचा आणि पीसीची वायर त्यातून काढून घ्यायची.

मग सगळ्या केबली सोडवा आणि बाजूचं झाकण उघडा. कॅबिनेट आडवं करायचं असेल तर मदरबोर्ड तळाशी येईल असं ठेवू नका, नाहीतर उरलेलं पाणी त्याच्यावरच साचतं. शेवटी बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढून ठेवा. प्लग काढल्यावरही या सेलचे ३ व्होल्ट बोर्डाच्या एका कोपऱ्यात पोचत असतात आणि ओल्या बोर्डावर गंज चढायला तेवढे पुरतात.

२. पाणी थोडंसंच होतं. एकदा चालू करून बघितलं तर काय बिघडतं?

बिघडतं ते त्या एकदाच बघण्यातच. नुसत्या पाण्याने, वीज नसताना, बोर्ड सहसा मरत नाही. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज आली की दोन गोष्टी होतात. कुठेतरी शॉर्ट होऊन एखादी चिप जळते, किंवा जळलं काहीच नाही तरी पाण्यातून वाहणारा करंट तांब्याच्या बारीक रेषा खायला लागतो.

"बंदच आहे, प्लग राहू दे" हेही चालत नाही. पीसी बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय देत असतो. आधीच एकदा चालू करून झालं असेल तर असू दे. फक्त दुसऱ्यांदा करू नका.

३. वाळवायचं कसं आणि किती वेळ? तांदळात ठेवू का? हेअर ड्रायर चालेल?

तांदूळ नको. मोकळ्या हवेपेक्षा जास्त काही तो करत नाही, वर त्याची पिठी स्लॉटमध्ये जाऊन बसते. गरम हवेचा हेअर ड्रायरही नको. तो पाणी उडवण्याऐवजी चिपांखाली आणि कनेक्टरांत आणखी आत ढकलतो.

रॅम, ग्राफिक्स कार्ड, एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क), सगळे कनेक्टर काढून भाग सुटे ठेवा आणि साध्या पंख्याचा झोत त्यांच्यावर येऊ द्या. ४८ ते ७२ तास धरा. वरून कोरडं दिसलं तरी पाणी रॅमच्या स्लॉटांत, २४ पिनच्या कनेक्टरात, मोठ्या चिपांच्या पोटाखाली आणि हीटसिंकखालच्या पॅडांत अडकून राहतं. बंद कॅबिनेट आठवडाभर कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा सुटे भाग दोन दिवस पंख्यासमोर ठेवलेले बरे. एअर ब्लोअर वापरलात तर कॅबिनेटच्या पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा भन्नाट फिरला की तोच उलटा करंट तयार करतो.

४. आत नेमकं काय शोधायचं?

पाण्याची वाट. टॉर्च तिरपा धरा म्हणजे वाळलेल्या ओघळाच्या कडा दिसतात. वरच्या जाळीतून पाणी आलं असेल तर ते आधी रॅम आणि प्रोसेसरच्या आसपास पडतं. मग ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर थांबतं, कारण कार्ड आडवं, छपरासारखं बसलेलं असतं. तिथून ते एकतर पुढच्या टोकाने खाली टपकतं किंवा मागे वळून थेट पीसीआय स्लॉटात उतरतं. दुसरं जास्त वाईट. कॅबिनेटच्या तळाशी एसएमपीएस असेल तर त्याच्या जाळीवरचे डाग नक्की बघा.

रंगही सांगतात. पांढरी पूड म्हणजे क्षार किंवा सोल्डरवरचा गंज, हिरवट-निळसर म्हणजे तांब्यावरचा गंज, तपकिरी-काळं म्हणजे जळलेलं. २४ पिनच्या कनेक्टरात डोकावून बघाच. टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका एखाद्याच पिनच्या बुडाशी असतो आणि वरून काही दिसत नाही. एकेका भागाला नाक लावून वास घ्या. जळका वास चिपचा पत्ता बरोबर सांगतो.

५. साफ कशाने करायचं?

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानात मिळणारं आयपीए, आणि मऊ टूथब्रश. ७० टक्क्यांचं चालतं, पण त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं, म्हणून पुन्हा वाळवायला वेळ द्यावा लागतो. चिकट डाग असेल तर प्रश्न १७ बघा. आयपीए पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि अर्थात वीज जोडलेली नको.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची जुनी पद्धत आहे. ती काम करते, पण सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटात जातो. आयपीएने भागत असेल तर रबर खिशातच राहू दे. वंगणाचे स्प्रे नकोत. प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये पिना असतील तर तिथे ब्रश कधीच फिरवू नका. एक पिन वाकली तर पाण्याने न मेलेला बोर्ड तुमच्या हातून मरेल. कूलर आणि प्रोसेसर काढायचे ते सॉकेटजवळ पाण्याची खूण असेल तरच. काढलेच, तर थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागेल.

६. वाळलं, साफ झालं, तरी सुरू होत नाही. शोध कुठून सुरू करू?

आधी "सुरू होत नाही" म्हणजे काय ते ठरवा, कारण इथे चार वेगळे आजार एकाच नावाने येतात. बटण दाबून काहीच होत नसेल तर प्रश्न ७. क्षणभर पंखा फिरून थांबत असेल तर प्रश्न ९. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी असेल तर प्रश्न ११. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारा बोर्डाच्या सेटिंगचा स्क्रीन, दिसतं आणि पुढे जात नाही, तर प्रश्न १३. जितका पुढच्या टप्प्यापर्यंत पोचतो, तितके मागचे भाग धड आहेत असं समजायचं.

कुठल्याही टप्प्यावर अडला तरी पहिली पायरी एकच: कमीत कमी सामान. एसएमपीएस, मदरबोर्ड, कूलरसकट प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी. डिस्क, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या वायरी, सगळं काढा. बटणाशिवाय चालू कसं करायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे. बोर्ड कॅबिनेटबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवता आला तर उत्तम. ज्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते.

एवढ्यावर चालू झाला तर एकेक भाग जोडत जा. प्रत्येक वेळी प्लग काढूनच. ज्या भागापाशी पुन्हा अडेल तो तुमचा गुन्हेगार. हे कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने नवा बोर्ड आणण्यापेक्षा स्वस्त पडतं.

७. बटण दाबलं तरी काहीच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही. एसएमपीएस गेला की बोर्ड?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घाई केली तर उत्तर चुकतं, म्हणून क्रमाने जाऊ.

सॉकेटमध्ये वीज आहे का आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे का, हे आधी बघा. भाग काढता-जोडताना तो स्विच बंद राहून जाणं फार सर्रास घडतं. नंतर बटणावर शंका घ्या, कारण पाणी पडताना कॅबिनेटचं बटण बहुतेक वेळा पहिल्या ओळीत असतं. बटणाची वायर काढा आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. त्या कुठल्या ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असतं. याने सुरू झाला तर प्रश्न फक्त एका बटणाचा होता.

नाही झाला तर एसएमपीएस वेगळा तपासा, पण तो स्वतः भिजलेला नसेल तरच. भिजला असेल तर प्रश्न १५. बोर्डापासून सगळे कनेक्टर काढा आणि २४ पिनच्या कनेक्टरात १६ क्रमांकाची पिन शेजारच्या ग्राउंडला वायरच्या तुकड्याने जोडा. जुन्या एसएमपीएसमध्ये ही वायर हिरवी आणि ग्राउंडची काळी असते. हल्ली सगळ्याच काळ्या असतात, म्हणून पिनांची आकृती समोर ठेवूनच करा. वायर आधी लावायची, वीज नंतर. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. काही एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, तेव्हा कॅबिनेटचा एखादा पंखा जोडून बघा.

जिवंत असणं आणि धड असणं यात फरक आहे. मल्टीमीटर असेल तर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६, ५ च्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ च्या लाइनवर साधारण ३.१४ ते ३.४६ यायला हवेत. जांभळ्या वायरीवर, म्हणजे पिन ९ वर, पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत. तिथे काही नसेल तर बोर्डाला बटण दाबल्याचं कळणारच नाही. एसएमपीएस सगळीकडे पास झाला आणि बोर्डाशी जोडल्यावर मात्र मुडद्यासारखा पडून राहिला, तर संशय बोर्डावर. प्रश्न ९ मधली शॉर्टची तपासणी करून घ्या.

८. प्लग लावला की घरचा एमसीबी उडतो.

एसएमपीएसच्या आत, मेनच्या बाजूला पाणी किंवा शॉर्ट आहे. पुन्हा लावून बघू नका. सॉकेट आणि पॉवर केबल भिजली नसल्याची खात्री करा. त्या कोरड्या असतील तर तो एसएमपीएस बाद.

९. पंखा अर्धा सेकंद हलतो आणि थांबतो. हे काय?

ही वाईट दिसणारी पण चांगली खूण आहे. एसएमपीएसला पुढे शॉर्ट दिसतोय आणि तो संरक्षणासाठी स्वतःला बंद करतोय. म्हणजे एसएमपीएस बहुधा ठीक आहे. अशा बंद पडलेल्या एसएमपीएसला पुन्हा भानावर यायला वेळ लागतो, म्हणून दर खेपेला प्लग काढून अर्धा मिनिट थांबा, नाहीतर दोष काढून टाकल्यावरही तो तसाच वागेल आणि तुमची दिशाभूल होईल.

प्रश्न ६ प्रमाणे भाग काढत जा. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर पंखा फिरत राहिला तर शॉर्ट कार्डात. शेवटी नुसता बोर्ड उरला तरी तेच होत असेल तर मल्टीमीटर घ्या. प्लग काढून आणि एसएमपीएसचे कनेक्टर सोडवून बोर्डावरच्या १२ व्होल्टच्या पिना आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. २४ पिनच्या कनेक्टरवर आणि प्रोसेसरच्या ८ पिनच्या कनेक्टरवर वेगवेगळा. आकडा आधी चढत जातो, कारण कपॅसिटर भरत असतात. ते ठीक आहे. शून्याजवळ चिकटून राहिला आणि मीटरने सलग बीप दिला, तर शॉर्ट.

इथे एका जागी चांगले चांगले फसतात. प्रोसेसरच्या बाजूच्या कॉइलांवर मोजलं तर रेझिस्टन्स एखादा ओहम किंवा त्याहून कमी येतो आणि मीटर बीप देतो. ते नैसर्गिक आहे, प्रोसेसरचा स्वतःचा रेझिस्टन्सच इतका कमी असतो. शॉर्टचा निकाल १२ व्होल्टच्या इनपुटवरून द्यायचा, कॉइलवरून नाही.

१०. पीसी बटण न दाबताच चालू होतो, किंवा चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद होतो.

भिजलेलं बटण. ते आतून चिकटलेलं असतं, म्हणून बोर्डाला वाटतं की कोणीतरी दाबून धरलंय, आणि चारेक सेकंद दाबून धरलं की पीसी बंद करायचा हा नियमच आहे. बटणाची वायर बोर्डावरून काढून प्रश्न ७ मधल्या स्क्रू ड्रायव्हरने सुरू करा.

याचाच एक भाऊबंद आहे. पीसी सुरू होतो, स्क्रीनवर यूएसबी ओव्हर करंटची सूचना येते आणि १५ सेकंदांत बंद होतो. काही कंपन्यांच्या बोर्डांवर हे दिसतं. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टात ओल किंवा गंज असतो. पुढच्या पोर्टांची केबल बोर्डावरून काढून बघा. तरी सूचना राहिली तर मागचे पोर्ट टॉर्चने तपासा.

११. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच.

बोर्ड स्वतः काय सांगतोय ते ऐका. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. ज्याच्यावर दिवा अडकतो तिथे शोध. दिवे नसतील तर बोर्डाच्या स्पीकर पिनांवर छोटा बझर लावा, तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. बीपचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून मॅन्युअल बघा.

मला सगळ्यात भरवशाची वाटणारी चाचणी साधी आहे. सगळी रॅम काढून, बझर लावून चालू करा. बोर्डाने रॅम नसल्याची तक्रार करत बीप दिले किंवा डीरॅमचा दिवा लावला, तर प्रोसेसर, बायोसची चिप आणि बोर्डाचा मुख्य भाग बोलतोय. अशा वेळी बोर्ड बदलायचा विचार तूर्त सोडा. रॅमची एकेक पट्टी एकेका स्लॉटात लावून बघा. पाणी गेलेल्या पीसीत पट्टी चांगली आणि स्लॉट खराब असं पुष्कळदा निघतं.

ग्राफिक्स कार्ड काढून तपासताना एक सापळा आहे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावात शेवटी एफ आहे त्यांत ते नसतं. रायझन ७००० मालिकेच्या आधीच्या बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्येही नावात जी नसेल तर नसतं. आणि ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टात लावायला विसरू नका.

१२. सेल काढून परत बसवल्यापासून स्क्रीन काळी आहे. आधी निदान लोगो यायचा.

डीडीआर५ रॅम असेल तर आधी वाट बघा. सेल काढला की बोर्ड रॅमच्या जुळवणीची साठवलेली माहिती विसरतो आणि पहिल्या वेळी ती नव्याने करतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. सहसा काही मिनिटं, रॅम जास्त असेल तर दहा-पंधरा मिनिटंही. मधेच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. लोक नेमके इथेच घाबरून बटण दाबतात. तेवढ्या वेळानेही काही आलं नाही तर प्रश्न ११.

१३. बायोस उघडतं, पण "बूटेबल डिव्हाइस नाही" असं येतं.

बायोसमध्ये डिस्क दिसते का? दिसत नसेल तर केबल, पोर्ट किंवा डिस्क. पोर्ट बदला, केबल बदला, एम.२ असेल तर काढून तिची टोकं पुसून बसवा. तरीही दिसली नाही तर ती दुसऱ्या पीसीवर लावून बघा, पण हार्ड डिस्क भिजली असेल तर त्याआधी प्रश्न १६.

डिस्क दिसते आणि तरी बूट होत नाही, तर बहुतेक वेळा पाण्याचा काही संबंध नसतो. सेल काढल्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेलेलं असतं. विंडोज जुन्या लेगसी बूट पद्धतीने टाकलेलं असेल आणि बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर गेलं असेल, किंवा साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) रेडवरून एएचसीआयवर गेला असेल, तर धड डिस्कवरचं धड विंडोजही सुरू होत नाही. विंडोज नव्याने टाकण्याआधी ही दोन सेटिंग उलटसुलट करून बघा.

१४. पीसी सुरू झाला, पण आता निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागतोय. मी तर असं काही लावलंच नव्हतं.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की बऱ्याच मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, आपोआप सुरू होतं. किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात असते. टीपीएम बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असतं, म्हणून बोर्ड किंवा प्रोसेसर बदलला, कधी कधी बायोस रीसेट झालं, तरी विंडोजला मशीन अनोळखी वाटतं. ४८ अंकी की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. दुसऱ्या फोनवरून खात्यात जाऊन मिळवा. की नसेल तर त्या डिस्कमधला डेटा कोणीही दुरुस्तीवाला काढून देऊ शकणार नाही. म्हणून बोर्ड बदलायला देण्याआधीच ती हातात घ्या.

१५. एसएमपीएस भिजलाय. उघडून वाळवू का?

नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो आणि तो कधी उतरेल याचा भरवसा नसतो. डेस्कटॉपमध्ये जीव घेऊ शकेल असा हा एकच भाग आहे. बाहेरून दोन थेंब उडाले असतील तर न उघडता तीनेक दिवस वाळवा. आत पाणी गेल्याची खूण असेल तर बदला. इथे काटकसर करू नका, कारण खराब एसएमपीएस जाताना बोर्ड आणि डिस्क दोन्ही घेऊन जातो.

१६. हार्ड डिस्क भिजली. डेटा महत्त्वाचा आहे.

मग बूटचा प्रश्न बाजूला ठेवा, डेटा आधी. साध्या हार्ड डिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असतं आणि बुडालेल्या डिस्कमध्ये तिथून पाणी जाऊ शकतं. अशी डिस्क चालू करू नका आणि, ऐकायला उलटं वाटेल, वाळवूही नका. वाळताना पाण्यातला गाळ तबकड्यांवर चिकटून बसतो. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. नुसते वरून शिंतोडे असतील तर बाहेरून पुसून, वाळवून, खालच्या सर्किटवर डाग नाहीत ना ते बघून दुसऱ्या पीसीला लावता येते. लावलीत की आधी कॉपी, मग बाकीच्या तपासण्या.

एसएसडीत फिरणारं काही नसतं. ती प्रश्न ५ प्रमाणे साफ करून, पूर्ण वाळवून लावली की पुष्कळदा चालते.

१७. पाणी नव्हतं, चहा होता.

साखर आणि दूध वाळल्यावर चिकट थर होतो, तो हवेतली ओल धरून ठेवतो आणि आयपीएमध्ये साखर नीट विरघळत नाही. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरने ब्रश करून धुवा, मग आयपीएने ते पाणी काढा, मग वाळवा. सेल आणि पंखे काढून ठेवायचे. गोड सरबत, कोल्ड्रिंक यांनाही हेच लागू. खारं पाणी असेल तर हे दिवसभरात उरका, त्याचा गंज थांबून बघत नाही.

१८. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या वॉटर कूलरमधलं लिक्विड गळलं. ते वीज वाहून नेत नाही म्हणतात, मग पीसी का बंद पडला?

बाटलीत असताना नेत नाही. कूलरच्या नळ्यांत महिनोन्‌महिने धातूंच्या संपर्कात फिरल्यावर त्यात आयन मिसळतात, बोर्डावरची धूळही त्यात कालवली जाते. शिवाय बऱ्याच लिक्विडांत ग्लायकॉल असतं, ते पाण्यासारखं उडून जात नाही. त्यामुळे इथे नुसतं वाळवून काही होत नाही, धुवावंच लागतं. गळती प्रोसेसरपाशी झाली असली तरी ग्राफिक्स कार्डाची पाठ आणि त्याचा स्लॉट आधी बघा.

१९. पुराच्या पाण्यात अख्खा पीसी बुडाला होता.

हातमोजे घाला, हे पाणी घाणीचं असतं. एसएमपीएस आणि पंखे सोडून द्या. हार्ड डिस्कसाठी प्रश्न १६. बोर्ड, रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड धुऊन वाचू शकतात, पण चिपांखालचा गाळ ब्रशने निघत नाही, त्याला दुरुस्तीवाल्याकडचं अल्ट्रासॉनिक मशीन लागतं. वाचलेल्या बोर्डावर महत्त्वाचं काम ठेवू नका, असं माझं मत.

२०. पाणी सांडलंच नाही, तरी आत थेंब दिसले.

थंड जागेतून दमट-उबदार जागेत आणलेल्या मशीनवर दव धरतं. तापमान सारखं होईपर्यंत, म्हणजे काही तास, प्लग न लावता ठेवा. हे पाणी जवळजवळ शुद्ध असतं, त्यामुळे धुण्याची गरज सहसा पडत नाही. धूळ साचलेली असेल तर मात्र ती काढा, ओल धूळच धरून ठेवते.

२१. वॉरंटी मिळेल का?

पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. विमा असेल तर साफ करण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला विचारूनच हात लावा.

२२. दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड गेला. खरं कसं समजायचं?

"कुठल्या लाइनवर शॉर्ट मिळाला?" आणि "दुसऱ्या एसएमपीएसवर लावून बघितला का?" एवढं विचारा. ज्याने तपासलंय तो लगेच सांगतो: १२ व्होल्टला शॉर्ट आहे, स्टँडबाय येत नाही, रॅमशिवाय बीप देत नाही. नुसतं "पाणी गेलंय ना" असं उत्तर आलं तर बोर्ड परत आणा आणि प्रश्न ६ पासून सुरू करा. एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) बदलून बोर्ड उठतो. बोर्डाच्या आतल्या थरात गंज शिरला असेल किंवा सॉकेटच्या पिना खाल्ल्या गेल्या असतील, तर दुरुस्ती परवडत नाही.

२३. साफ केल्यावर महिनाभर उत्तम चालला आणि आता पुन्हा तेच. पाण्याचाच परिणाम का?

शक्य आहे, आणि हा प्रकार पकडायला सगळ्यात कठीण. कुठेतरी क्षाराचा ठिपका राहिला असेल तर हवेतल्या ओलीने तो पुन्हा ओला होतो. त्यात व्होल्टेज असलं की धातूचे आयन एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि दोन पिनांमध्ये केसाहून बारीक तंतू वाढत जातो. तो टेकला की शॉर्ट. कधी उलटं होतं, गंजाने आधीच पातळ झालेली रेषा एके दिवशी तुटते.

लक्षणांवरून थोडा अंदाज येतो. थंड असताना सुरू होत नाही आणि पाच-सात वेळा बटण दाबल्यावर चालतो, दमट दिवशी जास्त त्रास देतो, रॅम हलवून बसवली की तात्पुरता बरा होतो: अशा वेळी पाण्याच्या जुन्या वाटेवर, प्रश्न ४ मध्ये सापडलेल्या, भिंग घेऊन पुन्हा जा. विशेषतः रॅमचे स्लॉट, पीसीआय स्लॉट आणि २४ पिनचा कनेक्टर. ठिपका सापडला तर आयपीएने काढा, वाळवा आणि रॅमची चाचणी रात्रभर चालवा. काहीच सापडलं नाही आणि त्रास चालूच राहिला, तर बोर्ड बदला. पण त्याआधी, तो अजून अधूनमधून सुरू होतोय तोवर, डेटाचा बॅकअप आणि प्रश्न १४ मधली की काढून घ्या.